अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बैठकीत मिश्र माध्यमातलं निसर्गचित्र

मिश्र माध्यमातल्या, म्हणजे रंग, कागद, माती, पेस्टल एकत्र वापरलेल्या निसर्गचित्रात वेळ खातं ते रंगवणं नव्हे, वाळणं. प्रत्यक्ष हात चालतो तो जेमतेम दोन तास. बाकी सगळा वेळ पुट्टी, गोंद आणि रंग सुकण्यात जातो. म्हणून नोकरी आणि घर सांभाळून हे काम करायचं तर बैठका वाळण्याच्या हिशेबाने पाडा आणि एका वेळी तीन चित्रं सुरू ठेवा. एकाचा थर ओला असताना दुसऱ्यावर काम होतं, आणि एखादं बिघडलं तरी जीव खालीवर होत नाही.

सामान

300 जीएसएमच्या (म्हणजे जाड) जलरंगाच्या कागदाचे 20 सेंमी चौरस तीन तुकडे घ्या. साधी ड्रॉइंग शीट गोंदाच्या ओलीने वळते आणि पुन्हा सरळ होत नाही. सोबत जेसो (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर), फेविकॉल, चॉक पावडर, टिश्यू, जुनी वर्तमानपत्रं, कोळसा, ऑइल पेस्टल. ॲक्रिलिकचे पाचच रंग पुरतात: पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, केशरी. काळा घेऊच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून येणारा काळपट रंग जास्त जिवंत दिसतो. हे सगळं एकाच खोक्यात भरून ठेवा. सामान शोधण्यात दहा मिनिटं गेली की बैठकीचा तिसरा हिस्सा संपला.

आधीची तयारी

नागपूरच्या फुटाळा तलावाचा काठ, रामटेकचा डोंगर, काटोलकडच्या संत्र्याच्या बागा, जिथे जाल तिथला फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून पाहा. त्यात गडद, मध्यम आणि उजळ असे तीनच भाग शोधा आणि 5 सेंमीच्या चौकटीत पेन्सिलने मांडा. क्षितिजरेषा मधोमध नको. आकाश महत्त्वाचं असेल तर ती खालच्या तिसऱ्या हिश्शावर, जमीन महत्त्वाची असेल तर वरच्या. हे आधी ठरलं नसेल तर पुढच्या सगळ्या बैठका डगमगत होतात.

पहिली बैठक: पोत

कागदाच्या दोन्ही बाजूंना जेसोचा पातळ हात द्या. एकाच बाजूला दिला तर कागद त्या बाजूला ओढला जातो. तो सुकल्यावर दोन भाग चॉक पावडर, एक भाग फेविकॉल आणि थोडा पांढरा रंग अशी पुट्टी कालवा. घट्ट वाटली तर चमच्याने पाणी घाला, श्रीखंडाइतकी दाट हवी. जमिनीच्या भागात पॅलेट नाइफने (रंग पसरायच्या बोथट सुरीने) पसरा आणि जुन्या कंगव्याने चास ओढा.

थर 2 मिमीपेक्षा जाड नको. मे महिन्यात नागपूरचा पारा 45च्या आसपास असतो तेव्हा वरची साय लगेच सुकते, आतलं ओलंच राहतं आणि मग तडे जातात. तेव्हा पुट्टी उन्हात किंवा कूलरच्या झोतात ठेवू नका. सावलीत रात्रभर राहू द्या. पावसाळ्यात उलट अडचण येते. दुसऱ्या दिवशीही बोटाला गार लागली तर आत ओल आहे, पुढचा थर देऊ नका.

दुसरी बैठक: कागद आणि माती

कागद कापू नका, फाडा. फाटलेली कड पातळ असते, त्यामुळे जोड दिसत नाही. दूरच्या डोंगरासाठी 3-4 मिमीच्या पट्ट्या, जवळच्या शेतासाठी 2-3 सेंमीच्या; खोलीचा अर्धा परिणाम इथेच साधतो. दोन भाग फेविकॉलमध्ये एक भाग पाणी घालून कागदाच्या खाली आणि वर लावा, आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत हवा काढा. वर्तमानपत्राच्या कागदातल्या लिग्निन या लाकडी घटकामुळे ते पिवळं पडतं, म्हणून ते पूर्ण रंगाखाली झाका.

विदर्भाची काळी माती या चित्रात जरूर वापरा. ती जुन्या तव्यावर भाजा, चहाच्या गाळणीने आणि मग मलमलीने चाळा. एक भाग मातीला दोन भाग फेविकॉल. ही माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून जाड थर हमखास भेगाळतो. ब्रशने दोन-तीन पातळ हात दिले की सपाट बसते. उन्हाळ्यातलं तापलेलं शेत दाखवायचं असेल तर मुद्दाम जाड लावा, भेगा पडू द्या आणि वरून पातळ गोंदाचा हात देऊन त्या पक्क्या करा.

तिसरी बैठक: रंग

दुरून जवळ या. दूरच्या डोंगराला पांढऱ्यात अल्ट्रामरीन आणि कणभर बर्न्ट सिएना. इथलं उन्हाळी आकाश निळंशार नसतं. क्षितिजापाशी पांढऱ्यात थोडा ऑकर मिसळला की धुळीची ती फिकट झाक येते. पोतावर पातळ बर्न्ट सिएना फिरवून लगेच ओल्या फडक्याने पुसा: खाचांत रंग राहतो, उंचवटे मोकळे होतात.

कोरड्या हवेत पॅलेटवरचा रंग बघता बघता कडक होतो. स्टीलच्या ताटात ओलं फडकं पसरा, वर बटर पेपर ठेवा आणि त्यावर रंग काढा. झाकून ठेवलं तर तोच रंग दुसऱ्या दिवशीही चालतो.

चौथी बैठक: रेषा

आता कोळसा, आणि सगळ्यात शेवटी ऑइल पेस्टल. तेलावर ॲक्रिलिक धरत नाही, पापुद्रे निघतात, म्हणून हा क्रम उलटा करू नका. कोळशाच्या रेषांवर पेस्टलच्या आधी गच्चीवर नेऊन फिक्सेटिव्ह (कोळसा पक्का करणारा फवारा) मारा. फुललेला पळस काढायचा तर काळपट, निष्पर्ण फांद्यांवर सुरीच्या टोकाने केशरीचे पाच-सात ठिपके पुरे. जास्त झाले की झाड खोटं दिसतं. खऱ्या पाकळ्या चिकटवू नका, त्या तपकिरी होतात. सागाचं पान हवं असेल तर दोन आठवडे जड पुस्तकाखाली दाबून वाळवलेलंच घ्या. ओलं पान गोंदाखाली बुरसतं.

ऑइल पेस्टलवर ब्रशने वार्निश लावलं की रंग फरफटतो. अशी चित्रं काचेच्या फ्रेममध्येच बसवा, आणि फ्रेमवाल्याला जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा, म्हणजे पुट्टीचे उंचवटे काचेला टेकणार नाहीत.