गोव्यात मुलासाठी खासगी प्राथमिक शाळा कशी निवडावी

पुढच्या जूनमध्ये मूल पहिलीत जायचं असेल, तर चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की चौकशीला लागा. ज्या शाळेचं स्वतःचं केजी आहे, तिथे पहिलीच्या बहुतेक जागा आतल्याच मुलांनी भरतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: बाहेरच्या मुलांसाठी पहिलीत किती जागा उरतात? वयाचंही तेव्हाच बघून घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण धरतं. त्या वर्षीची कट-ऑफ तारीख तोंडी ऐकून न घेता परिपत्रकात वाचा.

आधी शाळेचा प्रकार ओळखा

अनुदानित की विनाअनुदानित, यावर पुढचं बरंच काही ठरतं. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून होतो, माध्यान्ह आहार मिळतो आणि मुलांची ने-आण करणाऱ्या ‘बालरथ’ बसची सरकारी योजनाही याच शाळांसाठी आहे. विनाअनुदानित शाळा चालते फीवर. तिथे शिक्षकांना पगार कमी असला की वर्षाच्या मध्येच टीचर सोडून जातात आणि सहा वर्षांच्या मुलाला पुन्हा नव्या चेहऱ्याशी जुळवून घ्यावं लागतं. म्हणून विचारा, गेल्या दोन वर्षांत पहिली-दुसरीचे किती वर्गशिक्षक बदलले? उत्तर द्यायला मुख्याध्यापिका कचरल्या, तर त्या वर्गातल्या पालकांना गाठून विचारा.

मान्यतेचं पत्र आणि 11 आकडी यूडायस क्रमांक (शाळांच्या सरकारी नोंदीतला क्रमांक) मागा. गोव्याचा क्रमांक 30 ने सुरू होतो. तो यूडायसच्या संकेतस्थळावर टाकला की शाळेने स्वतः भरलेली शिक्षकसंख्या, पटसंख्या, शौचालयं दिसतात. हे आकडे आणि शाळेत तोंडी सांगितलेले आकडे जुळत नसतील, तर त्याचं कारण विचारा.

चौथीनंतर काय?

गोव्यातल्या पालकांकडून सर्वांत जास्त राहून जाणारा प्रश्न हाच. आपल्याकडे प्राथमिक म्हणजे पहिली ते चौथी, आणि पाचवीपासून हायस्कूल, ही रचना जुनी आहे. शाळा चौथीपर्यंतच असेल तर चार वर्षांनी पुन्हा प्रवेशाची धावपळ आलीच. शिवाय जवळचं हायस्कूल आपल्याच प्राथमिकच्या मुलांना आधी घेत असेल, तर तुमचं मूल रांगेत मागे. गेल्या वर्षी चौथी सुटलेली मुलं कुठल्या कुठल्या हायस्कुलात गेली, ते विचारा. संस्थेचंच हायस्कूल असेल तर पाचवीत प्रवेश नक्की आहे की गुणांवर, हे लेखी घ्या. सीबीएसई शाळा असेल तर पुढे गोवा बोर्डाकडे वळताना पुस्तकं आणि भाषाविषय बदलू शकतात, तेही आत्ताच ध्यानात धरा.

रस्ता घड्याळ लावून मोजा

रविवारी गाडीने जाऊन अंतर मोजू नका. शाळेच्या दिवशी, सकाळी साडेसातच्या सुमारास, बस जिथून जाते त्याच वाटेने जा. पर्वरीतून पणजीकडे येणाऱ्यांना फरक लगेच कळेल. पहिली-दुसरीच्या मुलासाठी एका बाजूचा प्रवास अर्ध्या तासाच्या आत असावा, असं आमचं ठाम मत आहे. बसच्या फेरीत तुमचा थांबा पहिला असेल तर मुलाचा तास-सव्वा तास सहज जातो.

बसमध्ये चालकाशिवाय एक मदतनीस हवा. खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचार पेटी, आग विझवण्याचं सिलिंडर आणि वेग रोखणारं यंत्र आहे का, ते बघा. आणि घरातली अडचण मांडा: आपल्याकडे पुष्कळ शाळा दुपारी एक-दीडला सुटतात. दोघेही नोकरीला असाल तर मुलाला उतरवून घेणार कोण, हे फॉर्म भरण्याआधी ठरायला हवं. आजी-आजोबांच्या घराजवळची साधी शाळा लांबच्या नावाजलेल्या शाळेपेक्षा कित्येकदा बरी पडते.

वर्ग आणि वही

शाळा जमल्यास चौकशीच्या आधीच, जुलैत बघा. मे महिन्यात सगळ्याच शाळा छान दिसतात. पावसात भिंतीला ओल कुठे आहे, स्विचबोर्डाजवळ पाणी झिरपतं का, शौचालयाकडे जाताना मूल भिजतं का, हे दिसतं. वर पत्रे असतील तर पावसाची जोराची सर आली की टीचरचा आवाज तिसऱ्या बाकापुढे जात नाही आणि असे दिवस गोव्यात थोडेथोडके नसतात.

मुलं मोजा. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. ते सगळ्या शाळेची सरासरी काढून सांगितलं जातं, म्हणून ज्या वर्गात मूल बसणार आहे त्याच वर्गाचा पट विचारा.

आता सर्वांत महत्त्वाचं. त्या शाळेत दुसरीत शिकणाऱ्या, ओळखीच्या तीन मुलांच्या वह्या एकाच दिवसाच्या पानावर उघडून शेजारी ठेवा. तिन्ही वह्यांत तेच वाक्य, तोच स्वल्पविराम असेल, तर मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात, स्वतः लिहीत नाहीत. चुकीच्या शब्दावरही लाल शाईची टिक असेल, तर वह्या तपासल्या जात नाहीत, नुसत्या फिरवल्या जातात. मग त्यातल्या एका मुलाला शाळेच्या पुस्तकाबाहेरचं पान वाचायला द्या. धडा घडाघड म्हणणारं मूल नव्या ओळीला अडखळून गप्प झालं, तर ते पाठांतर आहे.

दप्तरही उचलून बघा. 2020 च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी 1.6 ते 2.2 किलो इतकंच वजन सांगितलंय आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको म्हटलंय.

माध्यम

घरात मराठी किंवा कोंकणी बोलणारं मूल त्या भाषेतून लवकर वाचायला लागतं, कारण शब्द त्याच्या कानावर आधीच आहेत. त्याला फक्त अक्षर शिकायचं असतं. इंग्रजी माध्यमात त्याला अक्षर आणि अर्थ दोन्ही एकदम शिकावे लागतात. तरीही इंग्रजी माध्यम निवडायचं असेल, तर दोन गोष्टी पक्क्या करा: टीचर अडलेल्या मुलाला घरच्या भाषेत समजावतात की कोंकणी बोलल्याबद्दल दंड करतात? आणि मराठी विषय मिळतो की फक्त कोंकणी? फॉर्मवरच्या एका टिक-खुणेने पुढची कित्येक वर्षं ठरतात.

पैसा

फी एवढाच आकडा घेऊन घरी येऊ नका. वर्षाचा एकूण खर्च कागदावर मांडा: ट्यूशन फी, टर्म फी, पुस्तकं, गणवेशाचे दोन जोड, पीटीचा ड्रेस, बूट, रेनकोट, बस (दहा महिन्यांची की बाराची?), सहल, गॅदरिंग. फी दरवर्षी दहा टक्के वाढली, तर पहिलीचे 40,000 रुपये चौथीत 53,240 होतात. मागच्या तीन वर्षांच्या पावत्या एखाद्या पालकाकडून बघायला मिळाल्या तर खरी वाढ कळते.

डोनेशन मागणं आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणं, दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 खाली गुन्हा आहे. डोनेशनला घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे, तर मुलाखतीला पहिल्या वेळी 25,000 आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याच्या बाहेर आहेत. मारण्याची गोष्ट वेगळी. गोवा बालक कायदा 2003 शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी घालतो. तक्रार आधी मुख्याध्यापकांकडे लेखी द्या आणि पोच घ्या, मग तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. मुलाला धोका असेल तर थेट 1098 या बालमदत क्रमांकावर फोन करा.

पावतीवर ट्यूशन फी वेगळी लिहून घ्या. जुन्या करपद्धतीत आयकराच्या वजावटीसाठी तीच धरली जाते, बसभाडं किंवा डोनेशन नाही.

कागद

जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो. जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे जुन्या पोर्तुगीज वळणामुळे एका कागदावर नाईक ‘के’ने संपतो, तर दुसऱ्यावर ‘क्यूयूई’ने. शाळेच्या रजिस्टरात जे चढेल तेच दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जातं. चूक आधारमध्ये असेल तर आधी तीच दुरुस्त करा आणि शाळेत नाव जन्मदाखल्याप्रमाणेच द्या. मूळ दाखला दाखवायचा आणि परत घरी आणायचा, शाळेत झेरॉक्सच ठेवायची.