पाण्याचं रॉकेट उडवताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत पाण्याची रॉकेटं (थोडं पाणी घातलेली उलटी बाटली, आत पंपाने दाबलेली हवा; बूच सुटलं की पाणी खाली, बाटली वर) सुरू होतात, आणि दरवर्षी तेच घोटाळे.

पहिला घोटाळा म्हणजे बाटली गच्च भरणं. अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत पोरांनी दोन लिटरची बाटली गळ्यापर्यंत भरली. सायकलच्या पंपाने हवा मारून मारून हात दुखले. बूच सुटलं, बाटली कमरेएवढी उठली आणि आडवी पडली. "सर, काबर उडनं नही?" उडणार कसं? हवेला जागाच ठेवली नव्हती. जोर साठतो तो दाबलेल्या हवेत. पाणी हे मागे फेकायचं वजन. हवा थोडी असली की दाब लगेच उतरतो आणि उरलेलं पाणी ओझं होऊन बसतं. मी एक तृतीयांशच भरतो, दोन लिटरला साधारण 650 मिली. तिथेच त्यांच्याकडून आधी नुसती हवा भरून उडवलं, मग एक तृतीयांश पाणी घालून. पंपाचा दाब तोच ठेवला. दुसरं शाळेच्या पत्र्यावरून पलीकडे गेलं. सांगून जे पटत नाही, ते असं पटतं.

"पाणी जमिनीला ढकलतं म्हणून रॉकेट वर जातं" हे उत्तर तर परीक्षकही ऐकून घेतात! रॉकेट ढकलतं ते स्वतःच्याच पोटातल्या पाण्याला, आणि पाणी रॉकेटला. निर्वात जागेत ढकलायला काहीच नाही, म्हणून रॉकेट चालणार नाही, असं 1920 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अमेरिकन रॉकेट-संशोधक रॉबर्ट गॉडार्डला सुनावलं होतं. चूक कबूल केली 1969 मध्ये, अपोलो 11 चंद्राच्या वाटेवर असताना. दोऱ्यावर स्ट्रॉ ओवून त्याला फुगवलेला फुगा चिकटवा आणि सोडा. मागे भिंत असो वा मोकळी खोली, तो तसाच पळतो.

बाटली कोल्ड्रिंकचीच घ्या, साध्या पाण्याची पातळ नको. ओरखडा दिसला की फेका. आपल्याकडच्या मे महिन्यात ती उन्हात ठेवू नका, प्लास्टिक नरम पडतं. दाबमापक असलेलाच पंप वापरा. मी 50 पीएसआयच्या (दाबाचं एकक, दर चौरस इंचावर इतके पौंड) वर जात नाही. हवा भरताना बाटलीवर वाकू नका.

फटाक्यांची दारू काढून भरायची घाई ज्यांना आहे, त्यांना मी प्रयोगाला उभंच करत नाही.

पंख शेपटीकडे, वजन नाकाकडे. रिकाम्या रॉकेटला तोल साधतो तिथे दोरी बांधून गोल फिरवा. नाक पुढे राहिलं तर उडवा, नाहीतर नाकावर अजून थोडी ओली माती थापा.