घरगुती बॅटरी संचात एकापेक्षा अधिक तापमान सेन्सर कसे वापरावेत

एकाच सेन्सरवर विसंबून चालत नाही, कारण संचातील मधले सेल कडेच्या सेलपेक्षा अधिक तापतात आणि थंडीत कडेचे सेल आधी गार पडतात. म्हणून एक सेन्सर मधल्या सेलच्या अंगाला, दुसरा सर्वांत थंड कोपऱ्यातील सेलला आणि शक्य असल्यास तिसरा मुख्य जोडपट्टीजवळ, विजेचा धक्का बसणार नाही अशा इन्सुलेशनसह, घट्ट चिकटवावा. जोडणीचा स्क्रू सैल झाल्यास तेथील उष्णता सेल तापण्याच्या कितीतरी आधी हाच तिसरा सेन्सर दाखवतो.

सर्व आकड्यांची सरासरी मात्र कधीही काढू नये. लिथियम आयर्न फॉस्फेट सेल (घरगुती संचांत वापरला जाणारा लिथियम बॅटरीचा एक प्रकार) ०° सेल्सिअसखाली चार्ज केल्यास ॲनोडवर, म्हणजे सेलच्या ऋण बाजूवर, धातुरूप लिथियम साचून कायमचे नुकसान होते. त्यामुळे चार्जिंग रोखण्यासाठी सर्वांत कमी आकडा आणि अतितापापासून संरक्षणासाठी सर्वांत जास्त आकडा ग्राह्य धरावा.

प्रत्येक सेन्सरला कंट्रोलरवर (सेन्सरचे आकडे वाचून चार्जिंग थांबवणाऱ्या उपकरणावर) स्वतंत्र इनपुट द्यावे. थर्मिस्टर म्हणजे तापमान वाढले की ज्याचा रोध घटतो असा सेन्सर. २५ अंशांना १० किलोओहम रोध असणारे दोन थर्मिस्टर त्या तापमानात समांतर जोडले, तर एकत्रित रोध ५ किलोओहम होतो आणि कंट्रोलर ४० अंशांहून अधिक तापमान दाखवतो.

बसवण्यापूर्वी सगळे सेन्सर एकत्र बांधून रात्रभर ठेवावेत व आकडे ताडून पाहावेत. तुटलेल्या तारेचा थर्मिस्टर कडाक्याची थंडी असल्याचे भासवतो, तेव्हा अशा अशक्य आकड्यावर चार्जिंग थांबते की नाही, हे एकेक तार मुद्दाम काढून तपासावे.