गेमचं अकाउंट बॅन झालंय? घाबरून या चुका करू नका

गेल्या वर्षी गणपतीला माझा भाचा कोकणात गावी गेला. तिकडे रेंजची बोंब, म्हणून लालबागच्या घरात जुना फोन चार्जरला लावून त्यावर ऑटो क्लिकर (स्क्रीनवर आपोआप टॅप करणारं ॲप) चालू ठेवून गेला. सात दिवस, दिवसरात्र, गेममधलं सोनं आपोआप जमा होत राहिलं. परत आला तेव्हा सगळं ठीक होतं. अकाउंट बंद झालं ते नवरात्रात. "मामा, आता तर मी काहीच वापरत नव्हतो," असं तो रडवेला होऊन सांगत होता, आणि ते खरंच होतं.

बॅन आज आला म्हणजे कारणही आजचंच, असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. बॉट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप खेळणारा प्रोग्राम, सापडला तरी अनेक गेम कंपन्या लगेच कारवाई करत नाहीत. लगेच पकडलं तर बॉट बनवणाऱ्याला आपली कुठली खूण सापडली ते कळतं आणि तो ती बदलून टाकतो. म्हणून आधी नावं गोळा होतात आणि मग एकाच दिवशी सगळ्यांवर कारवाई होते. मे २०१५ मध्ये ब्लिझार्ड या गेम कंपनीने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधली १ लाखाहून जास्त अकाउंट्स बॉटपायी सहा महिन्यांसाठी बंद केली. त्यामुळे "पंधरा दिवस वापरलं, काही झालं नाही" हा दिलासा खोटा आहे. कारण शोधताना एक-दोन महिने मागे जा आणि अकाउंट ज्या ज्या फोनवर उघडलं होतं ते सगळे तपासा.

"हॅक थोडीच केलंय, नुसते टॅप होते," हेही खूप ऐकू येतं. पण फोनमधलं ॲप दिसलं नाही तरी कंपनीच्या सर्व्हरला तुमच्या अकाउंटची हालचाल दिसते. माणूस जेवायला उठतो, झोपतो, त्याचं बोट कधी लवकर तर कधी उशिरा पडतं. पहाटे तीनलाही ठरलेल्या सेकंदाला तेच काम होत असेल, तर ते माणसाचं नाही हे ओळखायला वेळ लागत नाही. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनी कीबोर्डचंही बघावं. ऑगस्ट २०२४ पासून व्हॉल्व्ह ही कंपनी तिच्या 'काउंटर-स्ट्राइक २' या गेमच्या अधिकृत सर्व्हरवर एका दाबात अनेक हालचाली करून देणाऱ्या सोयी पकडतं आणि खेळाडूला मॅचमधून बाहेर काढतं. लॅमिंग्टन रोडवरून नवा कीबोर्ड आणलात, तर त्यातली अशी सोय आधी बंद करा.

पहिली शिक्षा हलक्यात घेऊ नका. प्रत्यक्ष फिरून खेळायच्या 'पोकेमॉन गो'त पहिल्यांदा साधारण ७ दिवसांचा इशारा, दुसऱ्यांदा ३० दिवस बंदी आणि तिसऱ्यांदा अकाउंट कायमचं जातं. लोकलमध्ये बसून खेळलात तर फार तर वेगाची सूचना येते. पण खोटं जीपीएस लावून दादरहून टोकियोत फिरणं ही फसवणूक धरतात.

खरं नुकसान मात्र बॅननंतरच्या घाईत होतं. भाच्याने एका रात्रीत पाच तक्रारी पाठवल्या, त्यातल्या दोन तक्रारींत "भावाने वापरलं" असं लिहिलं आणि त्याच फोनवर नवं अकाउंट काढलं. तिन्ही गोष्टी अंगाशी येतात. अकाउंट दुसऱ्याच्या हातात देणं हाच बहुतेक ठिकाणी नियमभंग आहे, आणि बंदी चुकवायला काढलेलं अकाउंटही जाऊ शकतं. मी त्याला गेममधल्या सपोर्टमधून एकच अर्ज नीट लिहायला लावला: प्लेयर आयडी, तारखा, कोणते फोन, कोणतं ॲप, किती दिवस. बंदीची मुदत कमी झाली नाही, पण अकाउंट कायमचं गेलं नाही. ज्यांनी खरोखर काहीच वापरलेलं नाही, त्यांनीही असाच मुद्देसूद अर्ज करावा, शिवीगाळ करू नये.

टेलिग्रामवर पैसे घेऊन "अनबॅन" करून देणाऱ्यांना चुकूनही ओटीपी किंवा पासवर्ड देऊ नका. बंदी फक्त कंपनीच उठवू शकते. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

मुदत संपली की लॉगिन करण्याआधी तो क्लिकर प्रत्येक फोनवरून काढा. भाच्याने नव्या फोनवरून काढला होता. जुन्या फोनवर तो तसाच होता.