मृगाच्या पावसावर पेरा, श्रावणात फुलपाखरं बघा

‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ नावाची पाकिटं दिसतात छान, पण त्यांत बहुतेक परदेशी फुलं असतात. पिवळा-केशरी कॉसमॉस असाच बागेतून सुटला आणि आता पुण्याच्या टेकड्यांवर माजलाय. त्यापेक्षा आपल्या पावसाळ्यातली एका हंगामाची फुलं लावा: तेरडा, कुर्डू, टाकळा. जोडीला कारळे. कारळे पीक आहे, रानफूल नव्हे, पण मधमाश्यांना ते फार आवडतं. त्यांची ये-जा नसेल तर कारळ्यात दाणाही नीट भरत नाही.

बी कुठून आणायचं? कारळे किराणा दुकानात मिळतात, फक्त न भाजलेले घ्या. टाकळा-कुर्डूचं बी दिवाळीच्या आसपास रस्त्याकडेच्या वाळल्या झाडांवरून मूठभर काढून ठेवा. तेरड्याची बोंडं मात्र वाळून फुटण्याआधीच, फुगीर झाली की घ्या. कासच्या पठारासारख्या राखीव जागेतून मात्र काहीही आणू नका.

जागा दिवसाचे पाच-सहा तास उन्हाची हवी. तेरड्याला थोडी सावली चालते. मेअखेरीस गवत काढून माती वरवर उकरा. खत अजिबात नको, नाहीतर नुसता पाला माजतो.

टाकळ्याच्या बियांचं कवच कठीण असतं. पॉलिश पेपरवर हलकेच घासून त्या रात्रभर पाण्यात भिजत घाला. कुर्डूचं बी अगदी बारीक, म्हणून ते दहापट कोरड्या वाळूत मिसळून फोका आणि हाताने दाबा. वर माती ओढू नका. तेरडा, टाकळा, कारळे नखभर खोल. हे सगळं मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर; पहिल्या वळवाला भुलून पेरलं तर रोपं उन्हात करपतात.

रोपं चार बोटं उंच झाली की वीतभर अंतर ठेवून विरळणी करा. उपटलेल्या टाकळ्याची भाजी करा, कुर्डूचीही होते.

टाकळ्याच्या फुलात मध नसतो, फक्त पराग, आणि तोही परागकोशात कोंडलेला; बाहेर पडायला टोकावर फक्त बारीक छिद्र. निळ्या पट्ट्यांची मधमाशी फुलाला घट्ट पकडून अंग थरथरवते, गुणगुण एकदम तीव्र होते आणि पराग उडून तिच्या पोटावर पडतो. सकाळी जवळ बसून हे नक्की बघा. तेरड्याचा मध फुलामागच्या बारीक शेपटीत असतो, तो लांब सोंडवाल्यांना मिळतो. टाकळ्याची पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारू नका. त्या पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या आहेत. निळ्या पट्ट्यांच्या मधमाशीसारख्या काही माश्या जमिनीत बिळं करतात, म्हणून हातभर जागा उघडी, कोरडी राहू द्या.

फुलं सरल्यावर लगेच साफसफाई नको. तेरड्याची बोंडं हात लागताच फुटतात. फुगीर झाली की त्यांवर पातळ फडक्याची पिशवी बांधा. शेत शेजारी असेल तर कुर्डूचे तुरे वाळण्याआधी कापा, कारण तो पिकात पसरतो. बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.