गोठ्यातून सँडफ्लाय कशी पकडायची

प्रोजेक्टसाठी काळा आजार (सँडफ्लाय ही बारीक माशी चावून पसरणारा आजार) घेतला की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच येतो की तो तर बिहार-झारखंडचा, पुण्यात काय करणार. पण माशीचा अभ्यास इथंही होतो आणि व्हायलाच पाहिजे. मेंदूज्वर करणारा चांदीपुरा व्हायरस 1965 मध्ये नागपूरजवळच्या गावातल्या तापाच्या पेशंटच्या रक्तातून आपल्याच पुण्यातल्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने शोधला (तेव्हाचं व्हायरस रिसर्च सेंटर), आणि तो पसरवण्याचा संशयही सँडफ्लायवरच आहे.

आधी डोक्यातून डास काढा. ही माशी डबक्यात अंडी घालत नाही, शेण-पालापाचोळा मिसळलेल्या ओलसर मातीत घालते, त्यामुळे गटारं बघत फिरू नका, सरळ गोठा गाठा. पुण्याजवळ डोणजे, गोऱ्हे साइडला जुने मातीच्या भिंतींचे गोठे असले तर उत्तम. मालकाला आधी विचारा, "मामा, संध्याकाळी चार कागद लावू का, सकाळी येऊन काढतो", कुणी नाही म्हणत नाही.

ए-फोर कागदाला दोन्ही बाजूंनी एरंडेल तेल चोळायचं, पातळ, ओघळ येता कामा नये. दिवस मावळायच्या आत भिंतीच्या भेगांजवळ, जमिनीपासून फूट-दोन फुटांवर लावा, कारण ही माशी फार उंच जात नाही, उड्या मारत मारत जाते. पहाटे टॉर्च आणि अ‍ॅस्पिरेटर (तोंडाने हवा ओढून माशी आत घ्यायची नळी) घेऊन अंधाऱ्या कोपऱ्यातही बघा. जेमतेम 2-3 मिलिमीटरची, केसाळ, भुरकट, आणि बसली की पंख व्हीसारखे वर उभे, एकदा दिसली की परत चुकत नाही. अ‍ॅस्पिरेटरच्या नळीत जाळी घातलीच पाहिजे, नाहीतर माशी तोंडात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, चावते ती मादीच आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकातूनही आत शिरते.

कागदावरची माशी चिमट्याने ओढू नका, पाय तुटतात. बारीक ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून अलगद उचला आणि 70 टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाका.

ओळखायचं काम खरं मायक्रोस्कोपखाली, आणि तिथे घाई नको. डोकं आणि पोटाचं टोक वेगळं करून स्लाइड करा. घशात दातांची रांग दिसली तर बहुतेक सर्जेंटोमिया, म्हणजे सँडफ्लायचाच एक गट, ती जास्त करून पाली-सरड्यांचं रक्त पिते. दात नसले तर फ्लेबोटोमस हा दुसरा गट, मग मादीची स्पर्मथिका (शुक्राणू साठवायची पिशवी) नीट बघा, कारण काळा आजार पसरवणारी अर्जेंटिपेस ही जात यातलीच.

कुपीत गाव, तारीख, गोठा लिहिलेली चिठ्ठी पेन्सिलनेच लिहून टाका, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.