ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा रिकॉल आलाय? मग या चुका टाळा

गाडीत दोष निघाला की कंपनी त्या गाड्या फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावते, तो रिकॉल. त्यात लोक त्याच त्या चुका करताना दर वेळी बघतोय म्हणून आता लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी पी (पार्क) मध्ये टाकली की झालं असं समजणं. पी मध्ये गिअरबॉक्सच्या आत एक छोटा लोखंडी खटका दात्यात अडकतो आणि सगळी गाडी तेवढ्यावर उभी राहते. तुम्ही हलवता तो लिव्हर आणि हा खटका यांच्यामध्ये केबल असते, नाहीतर वायरिंग आणि सॉफ्टवेअर, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

माझ्या मावसभावाने गाडी सेकंडहँड घेतली होती. लिव्हर एकदम सैल लागायला लागला म्हणून तो बाहेरच्या मेकॅनिककडे गेला, त्याने केबलच्या टोकाला झिप टाय (प्लॅस्टिकची पट्टी) मारून दिला, आठ दिवस गाडी मस्त चालली आणि नवव्या दिवशी हा उतारावर गाडी पी मध्ये टाकून, किल्ली काढून गेट उघडायला उतरला तर गाडी मागे जाऊन थेट भिंतीवर. त्याची मुलगी दोन मिनिटं आधी त्याच भिंतीपाशी उभी होती. मी गेलो तेव्हा लिव्हर पी वरच होता, बॉनेट उघडलं तर झिप टाय तुटलेला, केबल नुसती लोंबकळतेय आणि केबलचं टोक धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा बुश बोटाने दाबला तर भुगा झाला. 'अरे दादा, पी मध्येच टाकली होती रे मी,' एवढंच तो परत परत म्हणत होता. त्या बुशचा रिकॉल कधीच निघालेला, कंपनीचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं. फुकटात होणारं काम होतं! असले जुगाड करून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, आणि करून घेणाऱ्यांचाही.

माझी सवय सांगतो. पाय ब्रेकवर, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढायचा, मग पाय सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्यायचं, त्यानंतर पी आणि शेवटी इंजिन बंद. सपाट रस्त्यावरसुद्धा.

2016 मध्ये फियाट क्रायसलरने जवळपास 11 लाख गाड्या रिकॉल केल्या, त्यांचा लिव्हर प्रत्येक वेळी मधे परत यायचा त्यामुळे पी लागला की नाही हे हाताला कळायचंच नाही आणि लोक गाडी गिअरमध्ये असतानाच उतरायचे. उपाय काय होता, तर दार उघडलं की गाडी आपोआप पी मध्ये जाईल असं सॉफ्टवेअर. म्हणून 'फक्त सॉफ्टवेअर अपडेट आहे, बघू नंतर' म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नंतर नको. होंडाचा 2011 चा रिकॉलही सॉफ्टवेअरचाच होता, चिखलात नाहीतर बर्फात अडकलेली गाडी काढायला लोक भराभर आर-एन-डी (रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) करायचे आणि आतलं बेअरिंग खराब व्हायचं.

आपल्या गाडीला रिकॉल आहे का हे ऑनलाइन बघताना व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकावा लागतो; तो टाकताना शून्याऐवजी ओ टाकू नका. 17 अक्षरांच्या त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच. चुकीचा नंबर टाकून 'काही सापडलं नाही' आलं की लोक निश्चिंत होतात.

एकदा चेक केलं म्हणजे कायमचं झालं असंही नाही, मी दर सहा महिन्यांनी बघतो. सेकंडहँड घेताना तर पैसे देण्याआधी.

गिअरबॉक्स झटके देतोय म्हणजे रिकॉल असणारच असं नाही. उलट झटके नाहीत म्हणजे रिकॉल आपल्याला लागू नाही, हेही चूक.

ऑइल बदलून रिकॉलचा दोष जात नाही.

तेच काम आधी पैसे देऊन केलं असेल तर पावती जपून ठेवा, बऱ्याच रिकॉलमध्ये ते पैसे परत मिळतात.

सर्व्हिस सेंटरने 'पार्ट आलेला नाही' म्हटलं की लोक रिकॉलचं पत्र ड्रॉवरमध्ये टाकतात आणि विसरतात. तोपर्यंत कशी काळजी घ्यायची ते त्याच पत्रात लिहिलेलं असतं, ते वाचा आणि आठवड्याला एक फोन करा, कंटाळा करू नका. काम झाल्यावर जॉब कार्डवर (केलेल्या कामाच्या कागदावर) रिकॉलचा नंबर लिहून घेतल्याशिवाय मी किल्ली हातात घेत नाही. मावसभावाचं नवीन बुशचं जॉब कार्ड अजून त्याच्या गाडीतच आहे, लॅमिनेट करून.